मावशीचे ५० लाख आणि एनव्हिडिया

‘एनव्हिडिया घेऊ का?’

बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाला गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न जितक्यांदा विचारला गेला असेल, तितक्यांदा ‘भारतात कधी येणार?’ हाही विचारला गेला नसेल. २०२४ च्या जूनमध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन भरले होते. त्याच्या आठ-दहा दिवस आधी, १८ जूनला, एनव्हिडियाने मायक्रोसॉफ्टला मागे टाकले होते आणि ती जगातली सर्वांत मोलाची कंपनी झाली होती. जेवणाच्या रांगेत पुढचा सांगत होता आपण कितीला घेतला, मागचा हळहळत होता आपण कितीला विकला. तुम्ही अधिवेशनाला आला असाल तर तुमच्याही कानावर हे पडले असेलच.

आधीच सांगते, मी आर्थिक सल्लागार नाही. १९९६ साली या भागात आले आणि पुढची पंचवीस वर्षे सर्किट बोर्ड तपासणाऱ्या लॅबमध्ये टेस्ट इंजिनिअर म्हणून काम केले. बोर्ड चालतो का, यापेक्षा तो कशाने बंद पडेल हे शोधण्याचे आम्हाला पैसे मिळत. निवृत्तीनंतर ती सवय मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याकडे वळवली. त्यामुळे हा प्रश्न मला विचारणारे बरेच असतात, आणि बहुतेकांना मी हसून ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणते. एकदा मात्र तसे म्हणता येईना. तीच हकिगत तुम्हाला सांगते आहे, कारण अशी वेळ तुमच्याही घरात येऊन गेली असेल किंवा येईल.

माझी मावसबहीण टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला राहते. तिची आई, म्हणजे माझी मावशी, ७४ वर्षांची आहे. डोंबिवलीत फडके रोडजवळ काकांचे इलेक्ट्रिकच्या सामानाचे दुकान होते, आणि त्या दुकानाच्या वह्या तीस वर्षे मावशीने लिहिल्या. काका गेल्यावर तिने फ्लॅट विकला आणि पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात खोली घेतली. अनामत भरून, देणी भागवून तिच्या नावावर ५० लाख रुपये उरले.

जुलै २०२५ मध्ये बहिणीचा फोन आला. तिचे म्हणणे असे, की हे पैसे तिथे बँकेत महागाईने झिजत जाणार. त्यापेक्षा आईने ते मला पाठवावेत, मी इथे एनव्हिडियाचे शेअर घेते, पाच वर्षांत आईची कायमची सोय होईल. तिने चौकशीही पक्की केली होती. भारतातल्या रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते आणि तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, इथपर्यंत. ५० लाख म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५८ हजार डॉलर.

“ताई, तू तिथेच राहतेस, तुझा जन्म हार्डवेअरमध्ये गेला. आईला तू सांग. तुझं ऐकेल ती.”

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. महागाईबद्दल ती बरोबर बोलत होती. निवासाचे मासिक शुल्क दरवर्षी वाढणारच. इतिहासाचे आकडेही तिच्या बाजूने होते. एनव्हिडियाचा शेअर २२ जानेवारी १९९९ रोजी १२ डॉलरला बाजारात आला. त्यानंतर सहा वेळा त्याची विभागणी झाली: दोनास एक अशी तीनदा, मग दीडपट, मग चौपट आणि २०२४ मध्ये दहापट. गुणाकार करा, ४८० येतात. तेव्हा १,२०० डॉलर देऊन १०० शेअर घेणाऱ्याकडे आज ४८,००० शेअर असते, आणि २०२५ च्या जुलैतल्या भावाने त्यांची किंमत ७५ लाख डॉलरच्या वर गेली असती. हा गुणाकार ऐकल्यावर कोणाचेही चित्त ठिकाणावर राहणे कठीण.

मी तिच्याकडे एक आठवडा मागितला. त्या आठवड्यात जे वाचले, जे आठवले, ते सांगते.

पहिली गोष्ट १९९९ चीच. तेव्हा ग्राफिक्सच्या चिपा बनवणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. एस३, ट्रायडेंट, रेंडिशन, नंबर नाइन, मेट्रॉक्स, कॅनडातली एटीआय. आणि या सगळ्यांत ज्यांच्या नावाचा दबदबा होता ते थ्रीडीएफएक्स. सॅन होजेतल्या फॉर्ट्रान ड्राइव्हवर त्यांचे ऑफिस होते. १९९६ साली आलेल्या त्यांच्या ‘वूडू’ चिपेने पीसीवरचे खेळ एका रात्रीत पालटले. सनीव्हेलच्या फ्राइज दुकानात पोरे त्या खोक्यासमोर उभी राहत, आमच्या लॅबमधले तरुण जेवणाच्या सुट्टीत त्यावरून वाद घालत.

आता तुम्ही १९९९ च्या सुरुवातीला आहात असे धरा, आणि या धंद्यातला एकच शेअर घ्यायचा आहे. थ्रीडीएफएक्सची १९९८ ची विक्री सुमारे २० कोटी डॉलर, नफा दोन कोटींच्या वर. एनव्हिडियाची त्याच सुमाराच्या वर्षातली विक्री सुमारे १६ कोटी आणि नफा चार कोटींच्या नव्हे, चाळीस लाख डॉलरच्या आसपास. नाव मोठे कोणाचे? थ्रीडीएफएक्सचे. नफा जास्त कोणाचा? थ्रीडीएफएक्सचा. एनव्हिडियाची पहिली चिप १९९५ साली सपशेल पडली होती, अर्ध्याहून जास्त माणसे कमी करावी लागली होती, आणि १९९७ च्या ‘रिव्हा १२८’ ने कंपनी कशीबशी तगली होती. शांत डोक्याने विचार करणाऱ्या माणसाने थ्रीडीएफएक्सच घेतला असता.

डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायला काढली. ऑक्टोबर २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

असे का झाले? चिपा उशिरा आल्या हे एक कारण. एनव्हिडिया दर सहा महिन्यांनी नवी चिप काढत होती, तो वेग यांना झेपला नाही. पण त्याहून मोठे कारण धंद्याच्या रचनेत होते. दोन्ही कंपन्या चिप आखत आणि ती दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेत. मग डायमंड, क्रिएटिव्ह अशा कंपन्या ती विकत घेऊन कार्ड बनवत आणि दुकानात ठेवत. १९९८ च्या डिसेंबरमध्ये थ्रीडीएफएक्सने ठरवले, की कार्डेही आपणच बनवायची, म्हणजे मधला नफा आपल्याला मिळेल. त्यासाठी त्यांनी टेक्ससची एसटीबी सिस्टिम्स ही कार्ड बनवणारी कंपनी घेतली. त्याबरोबर कालपर्यंतची गिऱ्हाइके प्रतिस्पर्धी झाली, आणि उठून एनव्हिडियाच्या दारात गेली. शिवाय न खपलेला माल, जो पूर्वी कार्डवाल्यांच्या गोदामात पडत असे, तो आता यांच्याच अंगावर पडू लागला.

हे मी नंतर मावशीला फोनवर सांगितले. ती लगेच म्हणाली, “म्हणजे होलसेलवाल्याने गिऱ्हाइकाच्या शेजारीच दुकान थाटलं की गं. मग तो याच्याकडून माल कशाला उचलेल?” चिप म्हणजे काय हे तिला सांगावे लागले, पण हे सांगावे लागले नाही.

यातून मी स्वतःपुरता नियम काढला. ग्राफिक्सच्या कंपनीचे कार्ड कितीही उत्तम असो, शेअर जोखताना आधी दोन गोष्टी विचारायच्या. माल घेणारा नक्की कोण आहे? आणि खप थांबला तर माल कोणाच्या अंगावर पडेल?

या दोन प्रश्नांचा टॉर्च घेऊन एनव्हिडियाचा स्वतःचा इतिहास पाहिला. नोव्हेंबर २००१ मध्ये ती एस अँड पी ५०० मध्ये गेली, ती एन्रॉनच्या जागी. हो, आपल्या दाभोळवाली एन्रॉन. त्यानंतर वर्ष पूर्ण होण्याच्या आतच शेअर शिखरावरून ८० टक्क्यांहून जास्त घसरला. पीसीचा खप मंदावला होता, हिशेबांची सरकारी चौकशी लागली होती, आणि एटीआयचे रॅडिऑन ९७०० यांच्या कार्डापेक्षा सरस निघाले होते.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा शिखर, आणि २००८ च्या अखेरीस पुन्हा ८० टक्क्यांहून मोठी घसरण. मंदी तर होतीच, पण त्या जुलैत कंपनीने स्वतः जाहीर केले, की काही लॅपटॉपमधल्या चिपांच्या जोडणीचे साहित्य कमकुवत निघाले असून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. आम्हा तपासणीवाल्यांना हा रोग ओळखीचा आहे. चिप तापते, बंद केली की थंड होते, पुन्हा तापते. तिच्याखालचे सोल्डरचे बारीक मणी दर वेळी किंचित ताणले जातात आणि एक दिवस तडकतात. लॅबमध्ये हजार वेळा गरम-थंड करून हे शोधता येते. पण ताळेबंदात ते आधी दिसत नाही.

२०१८ ची घसरण वेगळ्या प्रकारची. कागदोपत्री विक्री ‘गेमिंग’ची होती, पण कार्डे उचलणाऱ्यांत बिटकॉइनसारखी नाणी खणणारेही बरेच होते. नाण्यांचे भाव कोसळले, आणि कार्डे दुकानदारांकडे पडून राहिली. नोव्हेंबरात निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १९ टक्के पडला. तीन महिन्यांत निम्म्याहून खाली आला. या खाणकामामुळे विक्री किती वाढली होती हे नीट उघड केले नाही, म्हणून बाजार नियामकाने कंपनीला २०२२ मध्ये ५५ लाख डॉलरचा दंड केला. आणि त्याच २०२२ साली, आधीच्या नोव्हेंबरच्या शिखरावरून मोजले तर, शेअरने पुन्हा दोन-तृतीयांश किंमत गमावली.

म्हणजे ते ७५ लाख डॉलर मिळवणारा माणूस या चारही वेळा एकही शेअर न विकता बसून राहिलेला असला पाहिजे. असे लोक आहेत. ते त्या पैशांवर जेवत नव्हते.

आता दुसरी बाजूही तितक्याच नेमाने सांगायला हवी, कारण ही कंपनी मोठी आहे ती उगाच नाही. २००६-०७ मध्ये त्यांनी ‘कूडा’ आणले. खेळांसाठी केलेल्या चिपेवर कोणतीही मोठी आकडेमोड करता यावी यासाठीचे ते सॉफ्टवेअर. कित्येक वर्षे त्यावर खर्च होत राहिला आणि हाती फारसे लागले नाही. २०१२ साली टोरांटोच्या संशोधकांनी दोन साध्या गेमिंग कार्डांवर शिकवलेल्या प्रणालीने चित्रे ओळखण्याची मोठी स्पर्धा जिंकली, आणि जगाला कळले की या चिपांचा खरा धंदा खेळांच्या पलीकडे आहे. २०२० मध्ये डेटा सेंटरची विक्री पहिल्यांदा गेमिंगच्या पुढे गेली. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एकूण विक्री १३०.५ अब्ज डॉलर, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे. गेमिंगचे ११ अब्जांच्या थोडे वर. निव्वळ नफा सुमारे ७३ अब्ज. दोनच वर्षांपूर्वी तो साडेचार अब्जांच्याही आत होता. शंभर डॉलरच्या विक्रीमागे माल बनवण्याचा खर्च अवघा पंचवीस. हार्डवेअरच्या धंद्यात असे प्रमाण मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिले नाही.

तेव्हा ‘कंपनी चांगली आहे का?’ याचे उत्तर मी बहिणीला न घुटमळता ‘हो’ असे दिले.

मग माझे ते दोन प्रश्न. त्यांची उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालात, ज्याला इथे टेन-के म्हणतात, सरळ लिहिलेली असतात. तो फुकट मिळतो, पण वाचतो कोण? माल घेणारा कोण? २०२५ च्या अहवालात तीन थेट ग्राहकांची नोंद आहे, नावे न देता: एक १२ टक्के, दुसरा ११, तिसरा ११. म्हणजे विक्रीचा एक-तृतीयांश भाग तीन जणांकडून. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत तर दोघांचाच वाटा ३९ टक्के होता. यातले काही मधले, सर्व्हर जुळवून देणारे असतात. त्यांच्या पलीकडे ज्यांच्या डेटा सेंटरांत हा माल शेवटी जातो, त्या मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन, गूगल, मेटा या चारही कंपन्या स्वतःच्या चिपा आखत आहेत. गूगलची तर दहा वर्षांपासून वापरात आहे. गिऱ्हाइकाच्या शेजारी दुकान टाकण्याची गोष्ट इथे उलटी झाली आहे; इथे गिऱ्हाईकच शेजारी दुकान टाकते आहे.

आणि माल कोणाच्या अंगावर पडेल? वर्षअखेरीस कंपनीकडे सुमारे १० अब्ज डॉलरचा माल होता, आणि पुढच्या माल-क्षमतेसाठी पुरवठादारांना दिलेले शब्द सुमारे ३१ अब्जांचे. मागणी आहे तोवर हे शहाणपणाचे आहे, नाहीतर वेळेवर चिपा मिळणार नाहीत. पण एप्रिल २०२५ मध्ये काय झाले पाहा. चीनसाठी मुद्दाम बनवलेल्या एच२० चिपेला सरकारने निर्यात परवाना लागू केला, आणि एका तिमाहीत साडेचार अब्ज डॉलर खर्ची टाकावे लागले. माल उत्तम होता. घेणाऱ्याच्या दारावर दुसऱ्याने कुलूप लावले.

राहिला भाव. हे बहिणीला सांगताना मी डोंबिवलीच्या फ्लॅटचाच दाखला घेतला. ८० लाखांचा फ्लॅट महिना २० हजार भाड्याने दिला, तर वर्षाचे २ लाख ४० हजार. म्हणजे किंमत भाड्याच्या ३३ पट. एनव्हिडियाची एकूण किंमत त्या जुलैत ४ ट्रिलियन, म्हणजे ४,००० अब्ज डॉलर झाली होती. वर्षाचा नफा ७३ अब्ज. भागिले तर ५५ पट येते. फ्लॅटचे भाडे दुप्पट व्हायला पंधरा वर्षे लागतील, कंपनीचा नफा एका वर्षात दुप्पट होऊ शकतो, म्हणून ५५ पट हे वेडेपणाचे नाही. पण त्या भावात पुढच्या बऱ्याच वर्षांची वाढ आधीच मोजून दिलेली असते.

सॅन होजेत टॅस्मन ड्राइव्हवरून जाताना सिस्कोच्या इमारती लागतात. मार्च २००० मध्ये सिस्को जगातली सर्वांत मोलाची कंपनी होती, इंटरनेटचा सगळा माल तिच्याकडूनच जायचा. ती बुडाली नाही. तिचा नफा तेव्हापासून जवळजवळ चौपट झाला. पण मार्च २००० चा भाव पुन्हा दिसायला डिसेंबर २०२५ उजाडला. मधला लाभांश सोडला, तर पंचवीस वर्षांत शेअर तिथल्या तिथे. धंदा चांगला होता, अंदाजही खरा होता, फक्त घेणाऱ्याने भाव फार दिला होता.

आठवडा संपला. रविवारी सकाळी, म्हणजे मावशीच्या रात्री, आम्ही तिघी फोनवर बोललो. बहिणीने आपली बाजू चांगली मांडली. मी वरचे सगळे थोडक्यात सांगितले. मावशी मध्ये फारशी बोलली नाही. शेवटी तिने विचारले, “पडला तर किती पडतो? आणि परत यायला किती लागतात?”

“दोनदा ८० टक्क्यांच्या वर पडला. २००७ चा भाव परत यायला २०१६ उजाडलं.”

“म्हणजे आठ-नऊ वर्षं. मी ८३ ची होईन.”

मग आम्ही तिचा हिशेब मांडला. निवासाचे, औषधपाण्याचे धरून तिला महिना ४५ हजार लागतात. वर्षाचे ५ लाख ४० हजार. ५० लाख शेअरमध्ये आहेत आणि ८० टक्के पडले, तर उरतात १० लाख. खर्च काही थांबत नाही. तो भागवायला त्या पडलेल्या भावातच शेअर विकावे लागतील, आणि दोन वर्षांच्या आत सगळे संपेल. सातव्या-आठव्या वर्षी भाव परत येईल, पण तेव्हा मावशीकडे शेअरच उरलेले नसतील. ‘दीर्घकाळ धरून ठेवा’ हा सल्ला ज्याला मधल्या काळात विकायची गरज नाही त्याच्यासाठी असतो. हे वाक्य शेअरबाजाराच्या कोणत्याही जाहिरातीत नसते, म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.

बहीण म्हणाली, “अगं, तशी वेळ आली तर आईचा खर्च मी देईन ना.”

तिचा जीव आईवर आहे, ती देईलही. पण नीट बघा. ती आणि तिचा नवरा दोघेही सॉफ्टवेअरमध्ये, दोघेही एच-१बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. नवऱ्याचे काम एका मोठ्या कंपनीच्या क्लाउड विभागात, पगाराचा मोठा भाग कंपनीच्या शेअरमध्ये. त्यांचे ४०१के एस अँड पी ५०० च्या फंडात, ज्यात त्या वेळी दर शंभर डॉलरमागे सात-आठ डॉलर एनव्हिडियाचेच होते. डेटा सेंटरवरचा खर्च आटला, तर एनव्हिडिया पडेल, नवऱ्याच्या कंपनीचा शेअर पडेल, ४०१के उतरेल आणि नोकरीवरही त्याच वर्षी गदा येऊ शकेल. नोकरी गेली की दुसरी शोधायला ६० दिवस. म्हणजे ज्या वर्षी आईला लेकीची गरज पडेल, नेमके त्याच वर्षी लेकीचे हात बांधलेले असण्याचा संभव सर्वांत जास्त. त्यांचे घर आधीच या एका धंद्यावर उभे होते. त्यात मावशीची खोलीही त्याच खांबावर टेकवायची का, एवढाच प्रश्न होता.

यावर फोनवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मावशीने विचारले, “बरं, इथे ठेवले तर काय होतं ते सांगा.”

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तेव्हा व्याज ८.२ टक्के होते; वर्षाचे २ लाख ४६ हजार. उरलेले २० लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर १ लाख ४० हजार. मिळून ३ लाख ८६ हजार. खर्चाला कमी पडतात १ लाख ५४ हजार, म्हणजे महिना १३ हजार रुपये, दीडशे डॉलर. एवढे लेकीने पाठवायचे ठरले. मावशीला ते घ्यायला जड गेले, पण ५० लाख हातचे जाण्यापेक्षा बरे, असे ती म्हणाली. महागाईचा प्रश्न यातून सुटत नाही, हे मी दोघींनाही स्पष्ट सांगितले. चार-पाच वर्षांनी दीडशेचे अडीचशे होतील. त्यासाठी बहिणीने आपल्या पगारातून दरमहा ५०० डॉलर संपूर्ण बाजाराच्या फंडात टाकायला सुरुवात केली आहे, ‘आईचा’ असे नाव देऊन. पडला तरी त्याला हात लावायची पुढची काही वर्षे गरज नाही. आणि एनव्हिडियाचे दहा शेअर तिने बोनसमधून घेतलेच. घेऊ दे. दहा शेअर बुडाले तर सहलीचा खर्च बुडेल.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे, नाहीतर तुम्ही मनात म्हणाल की ही सोयीचे तेवढेच सांगते. शेअर चढत राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनी ५ ट्रिलियनवर गेली. त्या दिवशी बहिणीचा एका ओळीचा मेसेज आला, “ताई, बघितलंस?” बघितले होते. मावशीचे ५८ हजार डॉलर तोवर ७० हजारांच्या वर गेले असते. मी तिला लिहिले, की उद्या तो १० ट्रिलियन झाला तरी जुलैतले आपले उत्तर मी बदलणार नाही. शेअर चढेल की पडेल यावर ते उत्तर बेतलेलेच नव्हते. मावशीला दर महिन्याला पैसे लागतात, यावर बेतलेले होते. तिने अंगठा पाठवला. तो रागाचा होता की पटल्याचा, हे मी विचारले नाही.

मावशीच्या निवासातल्या एका मैत्रिणीचा नातू पुण्यातल्या एनव्हिडियाच्या ऑफिसात लागला आहे. त्याच्याकडून ती आता ताज्या बातम्या घेते आणि आम्हालाच सांगते. परवा म्हणाली, “त्यांच्याकडे माल अजून पडून राहत नाही म्हणे. राहायला लागला की कळव म्हटलंय.”

तेव्हा तुम्हाला कोणी विचारले, किंवा तुमच्याच मनात आले, की एनव्हिडिया घ्यावा का, किंवा उद्या तिच्या जागी आणखी कोणी चिपवाली आली तर तो घ्यावा का, तर एक संध्याकाळ काढा. कंपनीचा टेन-के उघडा. त्यात जोखमीचे प्रकरण असते ते वाचा, मोठ्या ग्राहकांचा वाटा शोधा, मालसाठा आणि पुरवठादारांना दिलेले शब्द पाहा, किंमत नफ्याच्या किती पट आहे ते स्वतः भागून काढा. मग दुसरा कागद घ्या आणि त्यावर लिहा, हे पैसे कोणाचे आहेत, त्या माणसाला ते कधी लागतील, आणि शेअर पडेल त्याच वर्षी तुमच्या घरात आणखी काय काय पडेल. पहिला कागद बहुतेक वेळा ‘कंपनी चांगली आहे’ असेच सांगेल. किती शेअर घ्यायचे, हे दुसऱ्या कागदावरून ठरवा.